आधी श्वास सोडायचा

दौंड, ६ जानेवारी २०२५

सुले,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. ओळखलं म्हणून परत पाठवू नको, पोस्टमनला उगाच हेलपाटा. वाचायचं नसेल तर पिठाच्या डब्याखाली घाल. डबा डुगडुगतो तुमचा, तेवढा तरी उपयोग होईल.

फोन तू घेत नाहीस. चार वर्षं झाली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

माऊलीनं परवा तुझ्या आईला फोनवर सगळं सांगितलं. जावई म्हणून नाही, माणूस म्हणून तो चांगला आहे. (हे त्याला सांगू नको.) रांजणगावच्या कंपनीच्या बसचं दार लागलं की तुझ्या छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. सरदवाडीच्या अलीकडेच बस थांबवून तुला उतरावं लागलं, तेही दोनदा. महिना झाला, तू घरी आहेस. सतरा फेब्रुवारीला कामावर हजर झाली नाहीस तर कंपनी नाव कमी करणार. नऊ वर्षं क्वालिटीच्या टेबलापाशी उभी राहून पर्मनंट झालेली तू, आणि अडलंय कुठं, तर अर्ध्या तासाच्या बसमध्ये.

डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेव. त्यात मी बोलत नाही. पण मी हल्ली एका योगवर्गाला जातो. हसू नको. रेल्वे कॉलनीच्या मागं जे समाजमंदिर आहे तिथं, सकाळी सहाला. शिकवणारी नीलम म्हणून मुलगी आहे, माळ्याची, घरची भाजी आहे त्यांची. चार वाजता मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि सहाला आम्हा म्हाताऱ्यांना वाकवायचं. आम्ही पंधरा जण. रुळांचे सांधे बदलणारा सोपानराव पॉइंट्समन आठवतो का, तोही असतो. शवासन सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला घोरतो. नीलम म्हणते, "असू द्या, त्यांना सगळ्यात चांगलं जमतंय."

मी का जातो? सहज. वेळ जात नाही म्हणून.

तुला जमतील अशी सोपी लिहितो. ताडासन: भिंतीला पाठ लावून उभी राहा, हात वर, टाचा उचल, सिग्नलचा खांब असतो तशी. मग मार्जरासन: गुडघे आणि तळहात टेकून मांजरासारखी पाठ वर घे, खाली घे. मग गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला लाव. नीलम त्याला बालासन म्हणते. तू लहानपणी रुसलीस की अशीच झोपायचीस, पार्श्वभाग वर आणि तोंड गोधडीत. तेव्हा ते आसन आहे हे कुणाला माहीत होतं! शेवटी पाठीवर पडून पाय भिंतीला सरळ लाव, दहा मिनिटं.

थंडी फार आहे. धुक्यात सकाळी मालगाड्यांचे नुसते आवाज येतात, गाडी दिसत नाही. छत्तीस वर्षं गार्डाच्या डब्यात शेवटी बसलो. पुढचं कधी दिसलंच नाही मला, जे दिसलं ते मागं पडताना दिसलं: गाव, नदी, ऊस, शाळा. म्हणून कदाचित मला मागचंच जास्त आठवतं. आता गार्डाला म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. माझी एक जुनी हिरवी झेंडी घरात राहिली होती, ती तुझ्या आईनं लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला दादरा म्हणून बांधली आहे. मॅनेजरचा हा मान.

माझ्या नातीला, प्रांजलला, पापा.

आबा


दौंड, १५ जानेवारी

सुले,

तीळगूळ पोचला असेल. आईनं वड्या केल्या, मी किसणीवर खोबरं किसलं आणि बोट किसलं.

उत्तर नाही आलं. ठीक आहे. पण पत्र परतही आलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

आज श्वासाचं लिहितो. आसनांपेक्षा हे महत्त्वाचं, असं माझं मत. आणि श्वासाच्या बाबतीत मला कुणाकडून शिकण्याची गरज नाही, कारण मी सातवीत श्वासावर बक्षीस मिळवलेलं आहे.

तुला सांगितलं नव्हतं का? आमचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून वृत्ताचा ठेका धरायचे. खडूची पांढरी धूळ उडायची आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची. आजही कुठं कविता ऐकली की मला ती धूळ दिसते. दर शनिवारी पैज असायची: आठ ओळी एका दमात. मध्ये श्वास घेतला की बाद. पोरं पाचव्या-सहाव्या ओळीला लालबुंद व्हायची, मी दहा म्हटल्या. शेवटच्या ओळीला डोळ्यांपुढं काजवे आले, पण सोडलं नाही. पितळेचा पेला मिळाला. त्या पेल्यानं तुझी आई अजून तांदूळ मापते.

तेव्हा माझी पद्धत अशी. सरळ बस. छाती फुटेल इतका श्वास आत घे, आणि दाबून धर. शाळेतली कुठलीही कविता मनात म्हण, चार ओळी पुऱ्या होईपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी सहा ओळी. मग आठ. ज्याचा दम मोठा, त्याला कसली धडधड? बसमध्ये बसण्यापूर्वी घरीच सवय कर.

नीलमला विचारलं नाही. श्वासात विचारायचं काय?

तुझी आई म्हणाली, "काय लिवलंय, वाचून दावा." मी वाचलं. "आन् त्या चार वर्साचं?" म्हणाली. मी म्हटलं, ते नंतर. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली.

आबा


दौंड, २५ जानेवारी

सुलक्षणा,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, 'र' अजून तसाच, शेपटी वळवलेला. मजकूर पाठ झाला आहे: "तुम्ही सांगितलं तसं केलं. चक्कर येऊन मोरीपाशी पडले. कपाळाला लागलं. प्रांजल घाबरून रडली. आता पत्रं पाठवू नका."

पाठवू नका म्हटलंस आणि मी पाठवतोय. हे शेवटचं समज, पण हे वाच, कारण आधीचं चूक होतं आणि चूक सांगून मी गप्प बसलो तर ती तुझ्याजवळच राहील.

कार्ड घेऊन मी दुसऱ्या दिवशी नीलमकडं गेलो. ती चटया उलगडत होती. मी काय लिहिलं होतं ते सांगितलं. हातातली चटई तिनं खाली टाकली.

"गार्डकाका, हे कुणी शिकवलं तुमाला?"

"शाळेनं."

"मग शाळंतच जावा. हितं कशाला येता?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "ज्याला श्वास पुरंना त्याला तुमी आनखी कोंबाया सांगता? गच्च भरलेल्या गोणीत आनखी कांदा जातुय व्हय? आधी गोणीचं तोंड सोडा की!"

सोपानराव चटईवर आडवा झाला होता, तिथूनच म्हणाला, "गार्डसायेब, पोरीनं बरोबर ब्रेक मारला बघा."

नीलमनं मग मला समोर बसवून पहिलीच्या पोरासारखं शिकवलं. ती म्हणते, धडधड सुरू झाली की माणूस नुसतं घेतच सुटतो. वर वर, भराभर घेतो, सोडतच नाही. म्हणून मुंग्या येतात, म्हणून चक्कर येते. तेव्हा आधी सोडायचा. फुंकर घालून दिवा हलेल पण विझणार नाही, इतका हळू सोडायचा. मग आत येईल तेवढाच येऊ द्यायचा, पोटापर्यंत. घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. धरून ठेवायचं नाही. अजिबात नाही. चक्कर वाटली तर थांबायचं आणि साधा श्वास चालू द्यायचा. दुसरं, भ्रामरी: कानावर अंगठे, ओठ मिटून भुंग्यासारखा गुणगुणाट, पुन्हा सोडतानाच. हे प्रांजलला शिकव, तिला आवडेल.

दुप्पट मोजायचं कसं, हा प्रश्न मला घरी येताना पडला. आकडे मोजले की माझं मन आकड्यांच्या मागं पळतं. मग कट्ट्यावर बसलो आणि डस्टरचा ठेका आठवला. त्याच ठेक्यात जुळवलं. माझंच आहे, कुणाचं नाही:

हळू श्वास घे तू
हळू सोड बाळा, उभी हाय गाडी

पहिली ओळ म्हणत घ्यायचं, दुसरी म्हणत सोडायचं. दुसरी बरोबर दुप्पट आहे, मी बोटांवर मोजली. गुरुजींनी 'हाय' बघून कान पिळला असता, पण तुझी आजी असंच म्हणायची, "पळू नगं, गाडी उभी हाय."

नीलमनं जाताना एक विचारलं. "काका, एवढा दम कोंडून धरायची तुमच्या घरात सवयच हाय का?"

कपाळाला हळद लावलीस ना?

आबा


दौंड, ४ फेब्रुवारी, रथसप्तमी

सुले,

मागचं शेवटचं म्हटलं होतं. गार्ड मनुष्य वेळ पाळतो, शब्दाचं सांगता येत नाही.

आज वर्गात सूर्यनमस्कार होते. नीलमनं मला तीनच घालायला सांगितले, मी तीनच घातले. त्यानंतर शवासनात पडलो होतो. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून येऊन माझ्या पोटावर बसला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. तेव्हा वाटलं, आज लिहावं. हे पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवणार नाही.

मी वर्गाला सहज जात नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मी स्टेशनवर गेलो होतो, सोपानरावाच्या मेहुण्याला गाडीत बसवायला. पुलाच्या पायऱ्या चढलो आणि मधोमध आल्यावर छातीत काहीतरी सुटलं. खालून गाडी जात होती, पूल थरथरत होता, का मीच थरथरत होतो, कळेना. हात बधिर. तोंड कोरडं. हवा सगळीकडं होती आणि माझ्यापुरती नव्हती. मी कठड्याला धरून खाली बसलो. वाटलं, संपलं, आणि स्टेशनावरच संपलं, हे त्यातल्या त्यात बरं.

सोपानराव आधी हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणाला, "ओ गार्डसायेब, उठा, नाटकं करू नका."

सुले, तो वाईट माणूस नाही. माझा चेहरा पाहिल्यावर त्यानंच मला पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेलं. पण तो शब्द ऐकला आणि त्या धडधडीतसुद्धा मला प्रांजलच्या जावळाचा मांडव दिसला.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. काही नाही झालेलं तुम्हाला. मनाचा ताण आहे." आणि मला राग आला. काही नाही? मी मरून आलो होतो, आणि हा पोरगा म्हणतो काही नाही! घरी येईपर्यंत मी रिक्षात त्याच्याशी मनात भांडत होतो. घरी आलो, उंबऱ्यावर बसलो, आणि मग भांडण थांबलं. कारण तुला मी तेच म्हटलं होतं. तेसुद्धा नाही, त्याहून वाईट.

प्रांजल मामाच्या, आपल्या दत्ताच्या मांडीवर, न्हावी वस्तरा भिजवतोय, मांडवात तुझे सासरचे चाळीस जण. तू रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले. एकदम उभी राहिलीस, गळ्याशी हात नेलास आणि म्हणालीस, "आबा, मला श्वास येईना." मला म्हणालीस. आई शेजारी होती, माऊली होता, पण तू माझ्याकडं बघून म्हणालीस. आणि मी व्याह्यांकडं बघून हसलो आणि म्हटलं, "हिची नाटकं लहानपणापासूनची. द्या पाणी, होईल गप."

लोक हसले. तू गप झालीस. चार वर्षं गप आहेस.

नंतर तुझ्या सासूबाई तुझ्या प्रत्येक आजारपणाला 'नाटकं' म्हणू लागल्या, हे माऊलीनं आईला सांगितलं होतं. आईनं मला. मी म्हटलं, "मी काय त्यांना शिकवलं?" शिकवलं होतं. बापानंच शिक्का मारून दिल्यावर सासरला वेगळा पुरावा कशाला लागतो.

मी का बोललो तसं? बहुतेक चाळीस माणसांसमोर माझी मुलगी पडते आहे, याची लाज वाटली. दम कोंडून दहा ओळी म्हणणाऱ्या मुलाला पितळेचा पेला मिळाला होता. दम सुटणं म्हणजे हरणं, एवढंच मी शिकलो. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं छत्तीस वर्षं, भीती वाटली तरी कुणाला सांगायचं? लाल दिव्याला? पण हे कारण झालं, माफी नाही.

माफी मागतो, बाळा. ते नाटक नव्हतं. तुला खरंच श्वास येत नव्हता, आणि तू बरोबर माणसाला सांगितलंस, माणूसच कच्चा निघाला.

उत्तर देऊ नको, दिलंच पाहिजे असं नाही. फक्त सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवावंसं वाटलं तर दाखव. माझी हरकत नाही. माझ्या सहीसकट दाखव.

हौसराव (आबा)


दौंड, १२ फेब्रुवारी

सुले,

हे पत्र तुझ्या आईचं आहे. ती सांगते, मी लिहितो. मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद आहे.

"सुले, मी सारजाबाई बोलतीया. तुझ्या बापानं रथसप्तमीचं पत्र मला वाचून दावलं न्हाई. पर पेटीत टाकून आला तवा डोळं लाल हुतं, म्हून मी वळखलं. चांगलं झालं. चार वर्सं मी हेच सांगत व्हते, पर मला कुठं वृत्त येतं.

"माऊलीचा फोन आला व्हता. तू आन् प्रांजल भितीला पाय लावून झोपता म्हनं. सासूबाई म्हनत्यात, ही काय नवी पद्धत. म्हनू दे. आन् सोमवारी तू बसपातूर गेलीस, दांडीला हात लावलास आन् माघारी आलीस, ते बी कळलं. रडली म्हनं दिवसभर. आगं, हात तर लावलास! म्हैस नवी आनली तवा आठ दिस मला जवळ येऊ दिलं न्हाई तिनं. रोज नुसती जाऊन हुबी ऱ्हायचे. नवव्या दिशी तिनंच मान फुडं केली. बसीचं बी तसंच.

"नोकरी ऱ्हायली तर ऱ्हायली, गेली तर गेली, आसं मी म्हननार न्हाई. ती तुझी हाय, तू मिळिवली. ती ठेव. पर जीव धरून ठेव. आन् बापाला लई दिस टांगू नगं, त्याला आता बीपीची गोळी हाय."

आईचं संपलं. म्हशीचा दृष्टांत मी दिला नसता, पण माझ्याजवळ त्याहून चांगला नाही.

माझ्या दोनच ओळी. बसमध्ये पाऊल टाकायच्या आधी खालीच, रस्त्यावर उभी असताना तीनदा सोड. दार लागण्याची वाट बघू नको. खिडकीजवळची जागा घे, हात मांडीवर उपडे, पाय पुरते टेकलेले. आणि धडधड आलीच तर तिला पळवून लावू नको. नीलम म्हणते, ती पाहुणी आहे, दहा-वीस मिनिटांत आपोआप उठते. मी ऑगस्टनंतर तिला तीनदा उठून जाताना पाहिलं आहे. खरंच जाते.

मी शिरूरला येऊन स्टॉपवर उभा राहावं असं फार वाटतं. पण बोलावल्याशिवाय येणार नाही. मांडवात नको ते बोललो होतो, तेवढं पुरे.

आबा


दौंड, १७ फेब्रुवारी, सोमवार

सुले,

सकाळी वर्गाला गेलो नाही. पाच वाजल्यापासून तुझ्या आईचा फोन मधे ठेवून आम्ही दोघं ओट्याला टेकून बसलो होतो, रेडिओवर निकाल ऐकायला बसावं तसे. मी म्हटलं, सहा दहाची बस आहे, आता ती स्टॉपवर असेल. आई म्हणाली, "तुमी मोजू नका, मला घाबरं हुतंय." मग आम्ही दोघांनी मिळून भ्रामरी केली. एकदा केली आणि एकमेकांकडं बघून हसलो. बावन्न वर्षांच्या संसारात असा भुंग्याचा उद्योग पहिल्यांदाच.

सहा चाळीसला फोन टिणकला. तुझ्या आईला अक्षर वाचता येत नाही, पण आवाजाचा निरोप कुठं दाबून ऐकायचा ते तिला बरोबर येतं.

एक मिनिट बावन्न सेकंद. मी आतापर्यंत नऊ वेळा ऐकला.

आधी नुसता इंजिनाचा आवाज. मग दाराचा, कारेगावच्या स्टॉपवरचा असणार, तो हवा सुटल्यासारखा. तुझा श्वास तिथं अडकला, ते मला इथं ऐकू आलं. माझाही अडकला. आणि मग तू सोडलास, सुले. आधी सोडलास. लांब, हळू, शेवटी थरथरणारा. मग घेतलास. मी बोटांवर मोजत होतो. सहा अक्षरांत घेतलास, बारा अक्षरांत सोडलास. दुसऱ्यांदा सहा, बारा. तिसऱ्यांदा आठव्यालाच तुटला. तुझ्या आईनं माझं मनगट धरलं. तू थांबलीस, काही वेळ साधाच श्वास चालू दिलास, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून धरायचं, हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं. ते तुझं तुला सुचलं.

मग शेजारची बाई म्हणाली, "काय पुटपुटतीस गं सुलक्षणा, जप लावलाय का?"

आणि तू म्हणालीस, "न्हाई गं. आबांची कविता हाय."

आणि मग फोन तोंडाजवळ आणून, हळूच: "आबा, कारेगाव गेलं. पर दोन वळीत रांजणगाव येत न्हाई. आनखी लिवा."

तुझी आई म्हणाली, "लिवा की मग! माझ्याकडं काय बघताय?"

मी काय बघणार, मला समोरचं काही दिसतच नव्हतं. जरा वेळानं चष्मा पुसून वही घेतली. छत्तीस वर्षं मागं तोंड करून बसलेल्या माणसाला पुढचं लिहायचं म्हणजे अवघडच. तरी हे घे, उद्याच्या बससाठी. पोस्टानं गुरुवारी पोचेल म्हणून आईच्या फोनवरून म्हणूनही पाठवतो. माझा आवाज चिरकेल, तिकडं लक्ष देऊ नको.

दिसे गाव आता
निघाले धुके ते, उजाडून आले

परतीच्या बससाठी वेगळ्या लागतील का? कळव. आणि उद्या जमलं नाही, परवा पुन्हा उतरावं लागलं, तरी कळव. न जमलेलंही मला कळव. तेच आधी कळव.

एक गोष्ट गाडीची सांगतो आणि थांबतो. गाडी सुटताना ड्रायव्हर शिट्टी देतो. पण नुसत्या शिट्टीनं गाडी हलत नाही. शेवटच्या डब्यातून गार्डानं हिरवी झेंडी दाखवावी लागते, तेव्हा कुठं हलते. तू त्या दिवशी मांडवात शिट्टी दिली होतीस. मी ऐकली होती, नाही ऐकली असं नाही.

मघाशी आत गेलो तर तुझ्या आईनं लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला होता. बरणीला जुन्या धोतराची चिंधी बांधली आहे. झेंडी दोनदा साबणानं धुतली, तेलाचा डाग काही गेला नाही, आणि आता ती अंगणातल्या दोरीवर वाळते आहे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आयतवारी पोर आली तर फाट्यावर काय हात हालवीत हुबं ऱ्हानार हाय व्हय?"

रविवारी येणार असशील तर चौफुल्याला एसटी बदल, दहापर्यंत दौंडला येशील. प्रांजलला सांग, फाट्यावर एक म्हातारा दिसेल, हातात हिरवं फडकं, लोणच्याचा वास येणारं.

आबा